रॅली कारला मराठीत काय म्हणावं? शिवाय गारा, मुरूम, फसणे

फुटाळ्याचा मामा :
आमच्या कॉलनीतली पोरं दिवाळीला हस्तलिखित अंक काढून राहिली. भाच्यानं त्यात रॅलीच्या गाड्यांवर चार पानं मागून घेतली आहेत. माझा जुना पीएसपी (हातात धरून गेम खेळायचं यंत्र) त्याच्या ताब्यात गेल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. दोन-तीन गेममधून त्यानं पाच गाड्या निवडल्या : टोयोटा सेलिका जीटी-फोर, लान्सिया डेल्टा इंटिग्राले, लान्सिया स्ट्रॅटोस, सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन. माहिती बरी जमवली आहे, गाडं अडलंय शब्दांवर. संपादक मंडळ (सगळे सातवी-आठवीतले) भलतं कडक आहे. इंग्रजी शब्द ठेवायचा तर कारण द्या म्हणतात.

पहिली अडचण मथळ्यातच. 'रॅली कार' वाचून माझ्या आईनं विचारलं, "कोणत्या पक्षाची रे?" तिचं तरी काय चुकलं? हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात रॅली म्हणजे झेंडे, भोंगे आणि सीताबर्डीत तासभर अडकलेला ऑटो. मग 'शर्यतीची गाडी' म्हणावं का?

दुसरं, त्याचं हे वाक्य बघा : 'ही कार ग्रॅव्हलवर स्लाइड करते, पण मडमध्ये स्टक होते.' मी ते असं केलं : 'ही गाडी मुरमावर फिसलते, पण गाऱ्यात फसते.' संपादक मंडळातली एक मुलगी यंदाच पुण्याहून आली आहे. तिनं वाक्याखाली लाल रेघ ओढली.

कर्वे रस्ता :
मुलीची बाजू घेतो. गारा आकाशातून पडतात, त्यात गाडी कशी जाईल? आणि गाडी 'फसली' म्हणजे तिला कोणी फसवलं? चिखलात गाडी रुतते. फिसलणे हे हिंदी. ग्रॅव्हल म्हणजे खडी. झालं की वाक्य : 'ही गाडी खडीवर घसरते, पण चिखलात रुतते.'

हिंगणघाटची :
दादा, वाक्य सुबक आहे, फक्त ते आमच्याकडच्या रस्त्यावरचं नाही. आमचा गारा पुल्लिंगी आणि एकवचनी : तो गारा, गाऱ्यात. तुमच्या आकाशातल्या गारा स्त्रीलिंगी, अनेकवचनी : ती गार, त्या गारा, गारांनी संत्र्याचा बहर झोडपला. सामान्यरूपच वेगळं होतं, मग घोळ कुठे होतो? पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीनं एकदा चालून बघा. चप्पल मागे राहते आणि पाय पुढे येतो. त्याला चिखल म्हटलं तर आमचे लोक हसतील. चिखल पाय धुतला की जातो. गारा चाकाला धरतो, चाक जाडजूड करत नेतो आणि मग गाडी फसते. 'फसणे' म्हणजे अडकून बसणे हा अर्थ इकडे रोजचा आहे. बैलगाडी फसते, ट्रॅक्टर फसतो, विहिरीत बादलीसुद्धा फसते. लाल रेघ पुसा.

कर्वे रस्ता :
सामान्यरूपाचा मुद्दा मान्य. बादली फसते हे मात्र पहिल्यांदा ऐकलं.

गिट्टीवाला :
रस्त्याच्या कामावर आयुष्य गेलं, म्हणून ग्रॅव्हलवर बोलतो. ग्रॅव्हल म्हणजे खडी नाही. खडी म्हणजे आमच्याकडची गिट्टी : क्रशरमधून निघालेला फोडलेला दगड, वीस एमएम, चाळीस एमएम असा मापाचा. त्याच्या खालची बारीक ती चुरी. नदीची ती रेती. आणि मुरूम खाणीतून जसा निघतो तसा टाकतात. खडा, माती, भुकटी सगळं मिसळून, दाबला की घट्ट बसतो आणि वरचा थर मोकळा राहतो. टीव्हीवर रॅलीचा कच्चा रस्ता पाहिला आहे. पुष्कळदा खाली टणक आणि वर सुटा थर. नुसत्या गिट्टीवर गाडी पळवली तर टायर फाटतील, घसरणं दूरच. मामांचा मुरूम बरोबर आहे. आणि डांबरी स्टेजला (रॅलीच्या टप्प्याला) आमच्याकडे 'डामर रोड' लिहा, पोरं तेच म्हणतात.

वऱ्हाडी ठेचा :
मुरूमच. हौ.

मार्शल :
नाशिकच्या रॅलीत स्वयंसेवक म्हणून वळणावर झेंडा घेऊन उभा राहिलेलो आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

गिट्टीवाल्या दादांनी सांगितलेला तो वरचा सुटा थर, रॅलीचं निम्मं गणित त्यावर चालतं. कच्च्या रस्त्यावर पहिली सुटणारी गाडी तो थर बाजूला झाडत जाते आणि मागच्यांना टणक रस्ता मिळतो. म्हणून तिथे पहिलं सुटणं तोट्याचं. यासाठी आम्ही 'रस्ता झाडणे' असंच म्हणतो. हा शब्दप्रयोग लेखात नक्की घ्या.

आता 'शर्यत'. शर्यत म्हटलं की सगळे एका रेषेवरून सुटतात आणि पहिला पोचेल तो जिंकतो, असं डोळ्यांसमोर येतं. रॅलीत गाड्या ठरावीक अंतरानं एकेक सुटतात. समोर प्रतिस्पर्धी दिसतच नाही. प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजतात, सगळ्या टप्प्यांची बेरीज करतात आणि कमीत कमी बेरीज ज्याची तो विजेता. दोन टप्प्यांमधल्या साध्या रस्त्यावर याच गाड्या नंबरप्लेट लावून, सिग्नलला थांबत, रहदारीचे नियम पाळत जातात. गेममध्ये हा भाग गाळलेला असतो, म्हणून पोरांना ठाऊक नसतो. सेगा रॅली या गेमनं तर आर्केडच्या गंमतीसाठी समोर दुसऱ्या गाड्या सोडल्या, त्यानं गोंधळ आणखी वाढला.

'रॅली' हा शब्द राहू द्या, कारण देता येतं. मूळ फ्रेंच, अर्थ पुन्हा एकत्र येणं. १९११ साली पहिली माँटे कार्लो रॅली झाली तेव्हा गाड्या युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघून माँटे कार्लोला जमल्या. चारी दिशांनी निघून एका जागी गोळा होणं. मामांच्या मातोश्रींची रॅलीसुद्धा तेच करते.

हिंगणघाटची :
एकेक सुटणं आणि घड्याळ लावून मोजणं, हा तर आपला एकदाणी शंकरपट, बैलजोड्यांचा! एका वेळी एकच जोडी धावते आणि सेकंदावर निकाल लागतो. 'पट' शब्द घ्या ना. मोटारींचा पट. चालक तो धुरकरी.

वऱ्हाडी ठेचा :
धुरकरी लय भारी! सुबारूचा धुरकरी कॉलिन मॅक्रे, १९९५ चा जगज्जेता. मीच वाचून हसून राहिलो.

गिट्टीवाला :
ताई, कल्पना चांगली, पण पटाची दाण (धावायची पट्टी) सरळ असते. वळणं कुठे आहेत? रॅलीतून वळणं काढली तर उरलं काय? समजावून सांगायला पट वापरा, नाव म्हणून नको.

फुटाळ्याचा मामा :
पटाचा दाखला भाच्याला लगेच कळला. तळेगाव दशासरच्या पटाला नेला होता त्याला. ते एक वाक्य आत गेलं, मथळ्यात रॅली राहिली.

आता पुढचं : ड्रिफ्ट (वळणात गाडी आडवी नेणं), को-ड्रायव्हर (चालकाशेजारी बसणारा), पेसनोट्स (तो वाचून दाखवतो ती वळणांची नोंद), हेअरपिन (घाटातलं एकदम उलट फिरणारं वळण).

कर्वे रस्ता :
को-ड्रायव्हर : सहचालक. पेसनोट्स : वेगटिपणे. ड्रिफ्ट : पार्श्वसर्पण.

वऱ्हाडी ठेचा :
पार्श्वसर्पण! बाप्पा, सापाचा आजार वाटते.

मार्शल :
सहचालक चालवत नाही, त्यामुळे तो शब्द दिशाभूल करतो. तो वाचतो, सांगतो, वेळ सांभाळतो. मला 'वाटाड्या' आवडतो. शंका येईल की वाटाड्याला वाट आधीच ठाऊक असते. यालाही असते. स्पर्धेआधी दोघं मिळून तोच रस्ता सावकाश फिरतात आणि प्रत्येक वळण वहीत उतरवतात. त्याला 'रेकी' म्हणतात आणि हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी केव्हाच पचवला आहे, तोही चोरांच्या कृपेनं : 'आरोपींनी आधी बंगल्याची रेकी केली होती.'

पेसनोट्सला नुसतं 'टिपणं' पुरे. १९५५ च्या मिले मिलिया या इटलीतल्या शर्यतीत चालक स्टर्लिंग मॉसच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन बसला होता. टिपणांची लांबलचक गुंडाळी सरकवत तो वाचत होता आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणांनी सांगत होता. जवळजवळ हजार मैल, दहा तास सात मिनिटं, आणि जिंकले. भाच्यानं हे चौकटीत टाकावं.

बऱ्याच पद्धतींत वळणांना १ ते ६ आकडे असतात. १ म्हणजे अगदी तीव्र, ६ म्हणजे जवळजवळ सरळ. काही जण उलटेही लावतात. मराठीत वाटाड्या असा बोलेल : 'उजवं चार, उंचवटा, डावं दोन, कट मारू नको.' शेवटचं मुद्दाम दिलं. वळणाची आतली कड कापणं यासाठी 'कट मारणे' आपल्याकडे पोरासोरांच्या तोंडी आहे, त्याला शुद्ध करत बसू नका.

हिंगणघाटची :
सेगा रॅलीतला वाटाड्या 'इझी राइट, मेबी' म्हणतो, त्याचं काय करायचं? 'हलकं उजवं, बहुतेक'? अशा माणसाशेजारी बसून मी गाडी चालवणार नाही.

गिट्टीवाला :
हेअरपिनला शब्द शोधू नका. आपल्याकडचे लोक चिखलदऱ्याला गेले तरच घाट बघतात. नागपुरी माणूस त्याला 'यू टर्न' म्हणतो आणि मोकळा होतो. आंबाड्यात खोचायचा तो आकडा, पण 'आकडा वळण' लिहिलं तर मार्शलच्या १ ते ६ मध्ये मिसळेल.

ड्रिफ्टबद्दल मात्र एक सांगतो. घसरणे काय आणि फिसलणे काय, दोन्ही आपोआप होतात. दुचाकी घसरली, माणूस पडला. ड्रिफ्टमध्ये चालक मुद्दाम करतो. त्यासाठी मराठीत प्रयोजक रूप तयार आहे : घसरवणे. 'डेल्टा वळणात घसरवत नेली.' पार्श्वसर्पणापेक्षा बरं आणि कोणालाही कळेल.

कर्वे रस्ता :
घसरवणे उत्तम. माझा सर्प मागे घेतो.

आता गाड्यांच्या नावांकडे वळू, त्यात मला रस आहे. लान्सर म्हणजे भालाईत. टोमी मॅकिनेननं १९९६ ते १९९९ सलग चार वेळा जगज्जेतेपद मिळवलं ते याच भालाइतावर. साधी लान्सर १९९८ पासून हिंदुस्तान मोटर्सनं भारतात विकली, तेव्हा नागपूरकरांनीही पाहिली असेल. 'लान्सिया'चा इटालियन उच्चार 'लान्चा'. इंटिग्राले म्हणजे पूर्ण, इथे चारही चाकांना जोर. तिच्या नावातलं एचएफ म्हणजे हाय फिडेलिटी, तेव्हा रेडिओ-ग्रामोफोनशी घोटाळा करू नये. या डेल्टानं १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं उत्पादकांचं विजेतेपद घेतलं. यादीत ऑडी क्वात्रो हवी होती. क्वात्रो म्हणजे इटालियन चार. चारही चाकांना जोर द्यायची पद्धत रॅलीत रुजली ती तिच्यामुळे.

मार्शल :
स्ट्रॅटोसला मात्र फक्त मागच्या चाकांचा जोर. तरी १९७४, ७५ आणि ७६ अशी तीन विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. सेगा सॅटर्न या गेमयंत्रावरच्या सेगा रॅलीत ती लपवून ठेवली होती, पराक्रम केल्याशिवाय हाती लागायची नाही. चाकांचा फरक भाच्यानं लिहावा, कारण गेममध्येही तो बोटांना कळतो. इम्प्रेझा वळणातून ओढून बाहेर काढते, स्ट्रॅटोसचं बूड आधी बाहेर येतं.

फुटाळ्याचा मामा :
'बूड' संपादक मंडळात मंजूर होणार नाही. 'मागची बाजू' करतो.

आजवर मंजूर झालेलं : रॅली (कारणासहित), मुरूम, गारा, फसणे, रस्ता झाडणे, वाटाड्या, टिपणं, रेकी, कट मारणे, घसरवणे. गारा आणि फसणे यांना पुण्याच्या मुलीनं तळटीप मागितली, ती तिनंच लिहिली. फिसलणे गेलं, त्याचं मला थोडं वाईट वाटलं. हेअरपिनला यू टर्न.

एक राहिलं. अशी गाडी रॅलीत उतरवायची तर कंपनीला तशाच ठरावीक गाड्या सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठीही बनवाव्या लागत, ग्रुप बी या वर्गात दोनशे आणि ग्रुप ए या वर्गात हजारोंनी. त्या होमोलोगेशनला काय म्हणू? भाच्यानं 'परवानगी' लिहिलंय.

गिट्टीवाला :
परवानगी नको. परवानगी अर्ज केला की मिळते, किंवा मिळत नाही. 'मान्यताप्राप्त नमुना' बघा. आमच्या टेंडरमध्ये असंच असतं.

वऱ्हाडी ठेचा :
आठवीतल्या पोराच्या लेखात टेंडर कायले घालता जी?