सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) पावसात राहिलं, वाचेल का?

गच्चीवाली (पुणे): नमस्कार मंडळी, जूनमध्ये जास्वंदाची छाटणी केली आणि सिकेटर कुंडीआड विसरले, ते सापडलं थेट गणपतीत. पातं लालभडक, एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं. तारेच्या घासणीने घासलं, वरचा गंज गेला पण फांदी कापत नाही, नुसती चिंबते. फेकू का? खुरप्याची मूठही गोल फिरतेय, तो वेगळाच वैताग.

कोयताबहाद्दर: फेकू नका ओ. मधला नट काढून पाती सुटी करा, आधी फोटो काढा आणि स्प्रिंगवर हात ठेवा (माझी उडून खालच्यांच्या गॅलरीत गेली, मागायला कोण जाणार). पाती रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, काळा चिखल निघतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडं करून तेलाचं बोट, नाहीतर चहा होईपर्यंत परत तांबूस. धार लावताना कानस फक्त उताराच्या बाजूने, आहे त्याच तिरकेपणाने, एकाच दिशेत. सपाट बाजूला कानस लावायची नाही, दोन पात्यांत फट पडते आणि मग परत चिंबणंच. तिथे जी खरखर येते ती बारीक पॉलिश पेपरवर पातं आडवं ठेवून एकदा ओढली की बास.

गच्चीवाली: नटच हलत नाहीये, खोबरेल सोडून झालं.

अंगणातली_आजी: अगं खोबरेल नको सांध्यात, थंडीत गोठतं आणि सगळं चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल सोड दोन थेंब, तासभर थांब, मग पान्याने. आणि चाफा कापलास की तेव्हाच पूस, चीक वाळला की निघत नाही.

बांधावरचा: मूठ पाण्यात भिजवा असं कुणीतरी सांगेलच, लाकूड फुगून दोन दिवस घट्ट बसतं, वाळलं की परत तेच. मूठ ओढून काढा, भोकात एम-सील भरा, खुरप्याची शेपटी ठोकून बसवा, एक दिवस हात लावू नका. आमच्याकडे गावी खुरपी लोहाराकडूनच पाजवून आणतात, शहरात कुठे शोधणार म्हणा.

गच्चीवाली: आजी, तासाभराने नट सुटला! कढीपत्त्याची करंगळीएवढी फांदी कच्कन तुटली आत्ता. खुरपं एम-सील लावून कपाटावर ठेवलंय, सासूबाईंनी दोनदा विचारलं, हे काय वर ठेवलंयस.