घरच्या चपला दुसऱ्याच्या शिक्क्यानं विकायच्या का? (अथणी)

अथणीचा धाकटा
नमस्कार मंडळी. आमचं घर अथणी तालुक्यातलं, आजोबांपासून कोल्हापुरी चपलांचं काम. बाबा तळ कापतात, थोरला भाऊ शिवतो, आई आणि काकू पट्ट्याची कातडी वेणी घालतात. माल मिरज-कोल्हापूरच्या दुकानांत जातो, आमचं नाव त्यावर कुठंच नसतं. आता मुंबईचा एक व्यापारी आलाय. २०० जोड पाहिजेत म्हणतो, जोडाला ९०० रुपये, शिक्का त्याचा. बाहेर सहा हजाराला विकणार हे त्यानंच हसत हसत सांगितलं. वर अट अशी की आत फोम घाला, टाच नुसती चिकटवलीत तरी चालेल. बाबा म्हणतात घे, पावसाळ्याच्या तोंडावर हातात पैसा येतोय. मी बेळगावात नोकरीला आहे. मला वाटतंय, आपल्याच नावानं भारीतला माल काढावा. इटलीच्या प्राडा कंपनीनं आपल्यासारख्या चपला दाखवल्याचं प्रकरण झाल्यापासून विचारणारे वाढलेत. कुणी असं केलंय का?

कोगनोळी नाका
ऑर्डर घे गा. नाव काय चाटायचंय? निम्मा ॲडव्हान्स मात्र आधी घे, नाहीतर माल गेला की फोन उचलत नाहीत ही माणसं.

निपाणीची सून
ॲडव्हान्सचं बरोबर आहे, बाकी पटलं नाही. माझं माहेर तुमच्याच बाजूचं. सासरी हाच धंदा आणि हिशेबाची वही माझ्याकडं, म्हणून सांगते.

पहिलं, फोमला नाही म्हण. फोम आला की शिवण जाते आणि डिंक येतो. मग तुझ्या भावाचं काम कुठलाही कारखाना करील, तेही ९०० च्या निम्म्यात. तुमच्याजवळ विकण्यासारखं काय आहे? हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं कातडं. एकही खिळा न मारता आरीनं भोक पाडून कातड्याच्या वादीनं शिवलेली टाच. तेच काढून टाकलं तर सहा हजार कशाचे?

पॅरिसच्या हर्मेस या महागड्या पिशव्यांच्या कंपनीचं बघ. १८३७ पासूनचा धंदा, सुरुवात घोड्याच्या साजापासून. खोगिराची ती दोन सुयांची शिवण अजून हातानंच घालतात, आणि एक पिशवी एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतो. जुनी पिशवी दुरुस्तीलाही परत घेतात. २०१० मध्ये एलव्हीएमएचनं (लुई व्हिताँची मालक कंपनी) त्यांचे शेअर गुपचूप गोळा केल्याचं उघड झालं, तेव्हा त्या घरच्या भाऊबंदांनी निम्म्याहून जास्त हिस्सा एका वेगळ्या कंपनीत बांधून टाकला, वीस वर्षं विकायचा नाही म्हणून. (आपल्याकडचे भाऊबंद बांधाच्या वीतभर जागेसाठी कोर्टात असतात, ते सोड.)

आता ९०० चा हिशेब. कातडं, रंग, वादी, भावाची मजुरी वजा कर आणि आई-काकूंच्या वेणीला काय उरतं ते कागदावर लिही. आमच्यात बायकांची मजुरी वहीत धरतच नव्हते. मी धरली तर सासरे दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पण जोडाचा खरा भाव तेव्हाच कळला.

किंमत लावताना जीएसटी बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंतच्या जोडाला ५ टक्के, त्याच्या वर गेलास की १८. मी असते तर सुरुवात २४०० ला केली असती.

आणि नोंदणी करून घे. जीआय, म्हणजे कोल्हापुरी नावाचं भौगोलिक मानांकन, आठ जिल्ह्यांना आहे: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणीत बसून ‘कोल्हापुरी’ लिहायचा तुला पूर्ण हक्क आहे, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव चेन्नईच्या कार्यालयात लागावं लागतं. लिडकरच्या, म्हणजे कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळाच्या ऑफिसात जाऊन विचार. जून २०२५ ला मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपल्यासारख्याच चपला दाखवल्या, तेव्हा आपलं नाव घेतलं नव्हतं. इकडं बोंब झाली तेव्हा कबूल केलं. डिसेंबरात करार झाला तो महाराष्ट्राचं लिडकॉम आणि आपलं लिडकर या दोन महामंडळांशी: २००० जोड, एकाची किंमत सुमारे ८०० युरो. असलं काम उद्या वाटायचं झालं तर कागदावर नाव असलेल्यांनाच आधी बोलावतील, असं मला वाटतं.

टिळकवाडी
गिऱ्हाईक म्हणून लिहितो. माझा पाय रुंद आहे, दुकानातल्या जोडाचा अंगठा नेहमी काचतो. मापानं करून देणार असाल तर २४०० देईन, कुरकुर न करता. फक्त भिजली तर काय करायचं आणि तेल कुठलं लावायचं हे चिठ्ठीवर लिहून द्या. दुकानदार सांगत नाहीत, मग पहिल्याच पावसात तळ फुगतो आणि शिव्या तुम्हाला बसतात.

अथणीचा धाकटा
ताई, हिशेब मांडला. वेणीची मजुरी धरली तर ९०० मध्ये पदरचेच जातात. बाबा म्हणाले, एवढं लिहायची काय गरज होती! व्यापाऱ्याला फोमला नाही कळवलं. तो आता ६० जोडांवर आलाय, १४०० नं, शिवलेल्या टाचेचे. शिक्का त्याचाच राहणार. निम्मा ॲडव्हान्स आला की तेवढे करून देतोय, त्यापुढचं आमच्या नावानं. लिडकरला सोमवारी जातो.

टिळकवाडीकर, दोन्ही पावलं कागदावर ठेवून पेन्सिल उभी धरून रेघ मारा, बाजूला पट्टी ठेवून फोटो पाठवा. संध्याकाळी काढा, सकाळी पाय लहान भरतो. वेणी एकपदरी की दोनपदरी तेही लिहा.