स्पायडर आरटी की ट्राय ग्लाइड? (आणि रिक्षा म्हणणाऱ्यांना उत्तर)

मुलुंडकर काका
"साठीनंतर तीनचाकी मोटारसायकल म्हणजे हँडल लावलेली रिक्षा. कार घ्या, हौस विसरा." परवा माझ्या प्रश्नाखाली एकाने हे लिहून वर हसणारा चेहरा टाकला. गप्प बसणार होतो, पण राहवत नाही.

प्रश्न साधा होता. मे महिन्यात लेकीकडे कॅलिफोर्नियाला जातोय. हिला मागे बसवून समुद्राच्या कडेने चार दिवस फिरायचंय. हिची कंबर आणि माझा गुडघा बघता दोन चाकं नकोत. तिकडे तीनचाकी भाड्याने मिळते. कॅन-अ‍ॅमची स्पायडर आरटी की हार्लेची ट्राय ग्लाइड?

रिक्षा म्हणणाऱ्याने निदान चाकं कुठे आहेत ते बघावं. रिक्षाला पुढे एक, मागे दोन. वळणात ब्रेक मारला की सगळा भार पुढच्या एकट्या चाकावर, गाडी कलंडायला बघते. स्पायडरला पुढे दोन चाकं, म्हणजे भार येतो तिथेच आधार. २००७ पासून रस्त्यावर आहे. आरटीला १३३० सीसीचं इंजिन, रिव्हर्स गिअर, गिअर बदलायला अंगठा पुरतो. माझा कल तिकडेच आहे. चालवलेल्यांनीच बोलावं.

गिरगाव ३५०
हसणारा चेहरा माझाच. मग ट्राय ग्लाइडला पुढे एक, मागे दोन, ती काय झाली? तुमच्याच हिशेबाने रिक्षाच ना!
आणि मूळ मुद्दा टाळलात. बाईक वळणात झुकते, म्हणून मागच्याला बाजूला ओढ जाणवत नाही. या दोन्ही झुकत नाहीत. प्रत्येक वळणाला वहिनी बाहेरच्या बाजूला सरकणार. कंबरेसाठी चाललंय ना हे सगळं?

ठाणे टूरर
झुकणाऱ्या तीनचाकीही आहेत हो. पियाज्जोची एमपी३ २००६ पासून, यामाहाची नायकेन २०१८ पासून. पण नायकेन उभी असताना आपोआप तोल धरत नाही, पाय टेकावाच लागतो. एमपी३ला तोल लॉक करता येतो, पण ती स्कूटर. काकांना हार्ले सोडून स्कूटर सुचवली तर मला ब्लॉक करतील.

वाशी ते बोरीबंदर
तिकडचं ठीक आहे. हौस वाढून इथे आणलीत तर चालवणार कुठे? सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी. पाटीवर दुचाकीही बाद, तीनचाकीही बाद, म्हणजे ही गाडी दोन्हीकडून मेली. रोड टॅक्स मात्र सगळ्यांकडून घ्या.

गिरगाव ३५०
बंदी योग्यच आहे. अटल सेतू २१.८ किलोमीटर, वाऱ्यात मधेच पंक्चर झाली तर ढकलत न्हावाशेव्याला जाणार?

वाशी ते बोरीबंदर
वारा वाशीच्या खाडीपुलावर नसतो का? तिथून रोज बाईका जातात. आणि साडेपाचशे किलोची ट्राय ग्लाइड वाऱ्याने उडते? सरळ सांगा, कारवाल्यांना मोकळा रस्ता हवाय.

ठाणे टूरर
सिग्नल तोडून फूटपाथवर बाईक घालणारे तुमचेच भाऊबंद. आधी ते बंद करा, मग पूल मागा.

वाशी ते बोरीबंदर
मी कधी घातली? पुरावा द्या नाहीतर शब्द मागे घ्या. ठाण्याहून घोडबंदर रोडला अडकून माणूस असा चिडका होतो, समजू शकतो.

मुलुंडकर काका
धागा माझा आहे, पूल दुसरीकडे बांधा.

दादरची पिलियन
चार पुरुष भांडताय, मागे बसणारी एकही नाही. मी बसलेय. भावाच्या स्पायडरवर, कॅनडात. सरळ रस्त्यावर मजा. घाटात मात्र दांडा घट्ट धरून संध्याकाळी खांदे भरून आले, कारण पुढचं वळण चालवणाऱ्याला आधी दिसतं, मला नाही. ट्राय ग्लाइडच्या मागच्या सीटला पाठीला आणि हातांना टेकायला असतं, त्याने फरक पडतो. पण वेग कमी ठेवला नाही तर दोन्ही सारख्याच.

काका, तुमचा कुठला गुडघा दुखतो? स्पायडरला हाताचा ब्रेक नाही. एकच ब्रेक, तोही उजव्या पायाने.

मुलुंडकर काका
उजवा.

गिरगाव ३५०
घ्या! चाकं मोजली, ब्रेक मोजायचा राहिला. हार्लेला हाताचा ब्रेक आहे, पण क्लच दाबायचा आणि गिअर डाव्या पायाने. तुमच्यासाठी तीच बरी. रिक्षा म्हटलं ते आमच्या कमिटीने ट्राय ग्लाइडपुरतं मागे घेतलंय.

मुलुंडकर काका
तुमच्या कमिटीला कोणी विचारलं नव्हतं. पण क्लच चालेल, बुलेटवर जन्म गेला. ताई, हिला चढायला त्रास होईल का?

दादरची पिलियन
चढताना गाडी कलंडत नाही हा तीनचाकीचा खरा फायदा. तुम्ही आधी बसा, मग त्या फूटबोर्डवर पाय देऊन सावकाश चढतील. जिकडे वळायचं तिकडेच हँडल वळवा, बुलेटसारखं अंग झुकवून काही होणार नाही. पैसे भरण्याआधी वहिनींना अर्धा तास मागे बसवून बघा. आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून खाली या, म्हणजे समुद्र तुमच्याच बाजूला राहतो. इंटरकॉम घ्याच, नाहीतर "हळू" सांगायला पाठीत गुद्दे घालावे लागतात.