मदत हवी आहे: ही रेकॉर्ड ओरिजिनल आहे का? (अर्जंट)

कढीपत्ता
मामांची खोली आवरताना एलपींचा खोका सापडला. मामा नोकरीनिमित्त बरीच वर्षं स्वीडनला होते. त्यात 'वॉल्ट्झ फॉर डेबी' आहे, जॅझ पियानोवाला बिल एव्हान्स. मामेभावाच्या ओळखीचा एक जण रविवारी येतोय, ३ हजार देतो म्हणतो, पण ज्या घाईने तो मागे लागलाय त्यावरून मला शंका येतेय. ओरिजिनल आहे का, द्यावी का? फोटो चढत नाहीये. प्लीज लवकर सांगा.

नाना_७८
ताई, अहो काय नशीब! २५ जून १९६१, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. मागे ग्लास वाजलेले ऐकू येतात. आणि त्यानंतर अकराव्या दिवशी लाफारो मोटार अपघातात गेला, वय फक्त २५. लेबल, म्हणजे कंपनी, रिव्हरसाइड आहे ना? ३ हजाराला अजिबात देऊ नका.

कढीपत्ता
लेबल फिलिप्स लिहिलंय. आणि यात बाई गाते ना.

सुई_अडली
हे आधी सांगायचं ना! ती वेगळी रेकॉर्ड, नुसतं नाव एक. गायिका मोनिका सेटरलुंड, बरोबर? स्टॉकहोम, २९ ऑगस्ट १९६४. एव्हान्स पियानोवर, चक इस्रायल्स बास, लॅरी बंकर ड्रम्स. नानांचा पूर्ण प्रतिसाद बाद.

नाना_७८
बाद कशाला? माहिती खरीच आहे. आणि गाण्यांशिवायचा एव्हान्स म्हणजेच एव्हान्स, माझं स्पष्ट मत.

कढीपत्ता
हो मोनिकाच. कव्हरवर बरीच स्वीडिश नावं आहेत म्हणून मला वाटलं लोकगीतं असतील. ओरिजिनल कसं ओळखायचं ते सांगा ना कोणीतरी.

स्टॉकहोमकर
दोन्ही आहे त्यात. 'कम रेन ऑर कम शाइन', 'सम अदर टाइम', 'लकी टु बी मी' ही अमेरिकन स्टँडर्ड्स, म्हणजे सगळेच गातात-वाजवतात अशी नेहमीची गाणी, आणि 'याग व्हेत एन देइलिग रूसा' हे इथलं खरंच जुनं पारंपरिक गाणं. 'मोनिकास व्हाल्स' म्हणजेच वॉल्ट्झ फॉर डेबी, स्वीडिश शब्द बेप्पे व्होल्गेर्सचे. डेबी ही एव्हान्सची पुतणी. माझी मुलगी इथे शाळेत जाते, तिच्याकडून उच्चार तपासून घेतलेत :) एव्हान्सने मोनिकामागे जे वाजवलंय ना, ते आपल्याकडच्या चांगल्या संवादिनीवाल्यासारखं, गाणारीला श्वास घ्यायला जागा ठेवून. हीच मोनिका १९६३ला युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेला गेली आणि शून्य गुण घेऊन परत आली, पुढच्याच वर्षी ही रेकॉर्ड.

सुई_अडली
ओरिजिनल म्हणजे पहिली छपाई, ती ओळखायची अशी. १) कव्हरवर बारकोड असेल तर विषय संपला, १९६४ला बारकोड नव्हतेच. २) जपानी अक्षरं किंवा कागदी पट्टा असेल तर जपानी रीइश्यू, म्हणजे नंतरची छपाई. ३) रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलवर एनसीबी (तिकडची गाण्यांचे हक्क सांभाळणारी संस्था) लिहिलेलं आहे का बघा, नॉर्डिक देशांतल्या छपाईवर ते असतं, पण नंतरच्या प्रतींवरही असतं, त्यामुळे तेवढ्यावर नाचू नका. ४) सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो त्यात कोरलेले आकडे आहेत, ते तिरक्या उजेडात वाचून इथे द्या.

कढीपत्ता
बारकोड नाही, जपानी पण नाही. मग ओरिजिनलच ना?

सुई_अडली
आकडे??

धुलाईकाका
ताई विकायची असो नसो, आधी स्वच्छ करा. फेव्हिकॉलचा पातळ थर द्यायचा, रात्रभर वाळवायचा, सकाळी साल निघते तशी सगळी धूळ निघून येते. मी स्वतः २०० रेकॉर्ड केल्यात.

नाना_७८
हा माणूस प्रत्येक धाग्यावर गोंद घेऊन येतो. काका, नवख्या माणसाला हे सांगू नका, लेबलला लागला तर लेबल पण सालीबरोबर. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड पुरे.

धुलाईकाका
तुम्ही अल्कोहोल वापरता ते चालतं?

नाना_७८
व्हिनाइलला, म्हणजे एलपीच्या प्लॅस्टिकला, थोडं चालतं. ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला नाही, लाख विरघळते. एवढं तरी माहीत असू द्या.

पोळ्याची_आई
मला पण प्लेअर घ्यायचाय, १० हजारात कुठला चांगला? सूटकेसवाला घेऊ नको म्हणतात, खरं का?

मांडवीकाठ
जॅझ म्हटलं की लोक स्वीडनला पोचतात, आमच्या गोव्याची गायिका लॉर्ना आणि ख्रिस पेरीचा बँड कोणाला आठवत नाही. ते ट्रंपेट ऐका आधी.

स्टॉकहोमकर
ऐकलंय हो, आवडतं पण. धागा कशाचा आहे?

सुई_अडली
कढीपत्ता, डिस्कॉग्जवर (रेकॉर्ड खरेदी-विक्रीची साइट) बघताना 'मागितलेली' किंमत बघू नका, 'विकली गेलेली' बघा. आणि ओरखडे किती आहेत? लावून ऐकली का? आकडे??? तिसऱ्यांदा विचारतोय.

कढीपत्ता
प्लेअर नाहीये हो घरी. आणि ऑफिस होतं. बाहेर काढून बघते आत्ता.

सुई_अडली
म्हणजे अजून बाहेरच काढली नव्हती???

कढीपत्ता
काढली. आत एचएमव्हीची मराठी नाट्यगीतं आहेत. मोनिका नाही. खोक्यात अजून चाळीसेक आहेत, मामांनी कुठलं काय कुठे घातलंय देव जाणे. सगळी उघडून बघावी लागणार. रविवारच्या माणसाला थांब म्हणून कळवलंय.

नाना_७८
नाट्यगीतं कोणाची? नंबर वाचा. विकणार का?