प्रतिसाद : रात्रीचा नव्हे, दुपारचा प्रयोग

लेकीला आजीकडे सोडून दोघंच नाटकाला जायचं तर रात्रीचा प्रयोग घ्यावा का, असं वर विचारलंय. माझं मत, रविवारी दुपारी चारचा घ्या. आम्ही पहिल्यांदा हौसेने रात्रीचा घेतला. दुसऱ्या अंकात नवरा चक्क घोरायला लागला, आणि माझं अर्धं लक्ष पर्समध्ये थरथरणाऱ्या फोनकडे. ("ती दूध पीत नाहीये." बरं, मग?)

ट्रेनने येणार असाल तर दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह. 1965 पासून उभं आहे, स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. पार्ल्याचं दीनानाथही चांगलं, पण गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यातच पहिली घंटा होते. आपल्याकडे तिसऱ्या घंटेनंतरही लोक अंधारात पाय तुडवत खुर्च्या शोधतात. जुहूच्या पृथ्वी थिएटरला ते चालत नाही, उशीर झाला की दार बंद. शिवाय तिथे खुर्च्यांना नंबर नसतात, शेजारी बसायचं तर रांगेत लवकर लागा.

मध्यंतरात वडा घ्यायला एकानेच पळा, दुसऱ्याने तेवढ्यात आजीला फोन करून घ्या. आणि प्रयोग सुटल्यावर थेट घरी जाऊ नका हो, आजींना सातची वेळ सांगितली असली तरी!