काका-काकूंची जर्मनी आणि औषधांची पिशवी

सी-१०३ काकू: नमस्कार सगळ्यांना. लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं नोव्हेंबरात फ्रँकफुर्टला निघालोय, तीन महिन्यांसाठी. ह्यांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, वर बीपीच्या गोळ्या. मेतकूट, डिंकाचे लाडू, कुंदा सगळं ठरलंय, पण औषधं कशी न्यायची ते सुचेना. कोणी जाऊन आलंय का?

बी-२०४ वहिनी: काकू, औषधं मोठ्या बॅगेत अजिबात घालू नका. सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा मी सगळ्या गोळ्या चेक-इन बॅगेत ठेवल्या, आणि बॅग मधल्याच विमानतळावर राहिली. चौथ्या दिवशी हाती आली. आम्ही पोचलो तो रविवार. तिकडे रविवारी औषधांची दुकानं बंद, पाळीनं एखादं उघडं असतं तेवढंच, आणि तिकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय बीपीची गोळी कोणी देत नाही. सासूबाई रात्रभर डोकं धरून बसल्या होत्या. अजून आठवलं की पोटात गोळा येतो माझ्या.

ए-३०१ ताई: मी औषधांच्या दुकानात १५ वर्षं काम करते, म्हणून सांगते. इन्सुलिन तर खालच्या सामानात नकोच. तिथं ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. दिसायला नेहमीसारखंच दिसतं, म्हणून कळत नाही. हातातल्या पिशवीत गार पाऊचमध्ये ठेवा, पण बर्फाच्या पुडीला चिकटवू नका.

ए-३०१ ताई: आणि डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप केलेली इंग्रजी चिठ्ठी घ्या, त्यात औषधाचं मूळ नाव पाहिजे. आपल्याकडचा ब्रँड तिकडच्या डॉक्टरांना कळायचा नाही, पण बीपीच्या गोळीचं टेल्मिसार्टन असं मूळ नाव सांगितलं की लगेच कळेल. सुया आणि इन्सुलिन सिक्युरिटीत दाखवायलाही हीच चिठ्ठी लागते.

सी-१०३ काकू: अगं, ह्यांना नावं कुठली माहीत! "पांढरी सकाळी, गुलाबी रात्री" एवढंच.

ए-३०१ ताई: म्हणूनच स्ट्रिपा कापून डबीत भरू नका. उद्या गुलाबी संपली तर लेक काय सांगणार तिकडच्या डॉक्टरांना? आणि इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. जर्मनी थंडीत साडेचार तास मागे असते, म्हणजे जायचा दिवस तेवढा लांबतो. मनानं डोस पुढे-मागे करू नका.

डी-४०२ दादा: व्हिसाला ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण आधीपासूनचा आजार त्यात धरलाय का ते वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसीत शुगर-बीपीचा खर्च वगळलेला असतो. आणि ११२ नंबर काकांच्या फोनमध्ये टाका. तिकडे अॅम्ब्युलन्सला तोच.

बी-२०४ वहिनी: काकू, बेंगळूरला कसं जाणार? रात्रभर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं जाऊन त्याच दिवशी विमान धरू नका. अंग आधीच शिणलेलं असतं. एक रात्र बेंगळुरात काढा.

सी-१०३ काकू: तसंच करू. पण ह्यांची एक खोड आहे. उठायला लागू नये म्हणून विमानात पाणीच पीत नाहीत. मागं दुबईला गेलो तेव्हा उतरताना बूट पायात जाईना, इतके पाय सुजलेले.

ए-३०१ ताई: काकू, हे मनावर घ्या. दहा तास पाय लोंबकळून बसलं की पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. कडेची सीट मागून घ्या, दर तासा-दोन तासाला उठवा, बसल्या जागी टाच-चवडा वर-खाली करायला लावा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं किंवा धाप लागली तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. साखर उतरली तर चघळायला खिशात ग्लुकोजच्या गोळ्याही असू द्या, जेवण कधी येईल सांगता येत नाही.

ए-३०१ ताई: अजून एक, बाळासाठी. डांग्या खोकल्याची लस दोघांनी घेतलीय का? नवजात बाळाला हा खोकला बहुतेकदा घरातल्यांकडूनच लागतो. निघायच्या निदान दोन आठवडे आधी घ्या, फ्लूचीही तेव्हाच विचारा.

सी-१०३ काकू: हे तर कोणी सांगितलंच नव्हतं गं. लेकीलाही आत्ताच कळवते. उद्या सकाळी ह्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाते. संध्याकाळी सगळ्या स्ट्रिपा घेऊन तुझ्याकडे आले तर चालेल? मूळ नावं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे, मराठीतही दे, म्हणजे ह्यांना वाचता येतील.

ए-३०१ ताई: सातनंतर या काकू, मी घरीच आहे. काकांनाही आणा.