मदत हवी आहे: ४६ मशीनवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस गुपचूप (स्क्रीनवर काही न विचारता) बसवायचंय, हाताने बसतं, स्क्रिप्टने नाही

नमस्कार मंडळी,

एका साखर कारखान्यात आयटी विभाग म्हणजे मी एकटा. अकाउंट, शेतकी, टाइम ऑफिस, केनयार्ड धरून ४६ मशीन, बहुतेक डोमेनमध्ये (एका सर्व्हरच्या ताब्यात). ऑफिस २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सगळीकडे ऑफिस एलटीएससी २०२४ टाकायचं ठरलंय. व्हॉल्यूम लायसन्स आहे, सर्व्हरवर केएमएस होस्ट (आपल्या नेटवर्कमधल्या मशीनना लायसन्स ॲक्टिव्हेट करून देणारी सेवा) उभा केलाय. गाळप चालू असताना वजनकाट्याचं मशीन पाच मिनिटंही हाती लागत नाही, त्यामुळे समोर बसून नेक्स्ट-नेक्स्ट करणं शक्य नाही.

ऑफिस डिप्लॉयमेंट टूलने (मायक्रोसॉफ्टचं ऑफिस बसवायचं साधन) फाइली एकदाच उतरवून शेअरवर (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरात) ठेवल्या. टूलच्या एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये डिस्प्ले लेव्हल नन (खिडक्या दिसू नयेत), ॲक्सेप्ट युला ट्रू (अटी मान्य), जुनं काढायला रिमूव्ह एमएसआय. ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधल्या मशीनना लागू होणारी सेटिंग) मशीन सुरू होताना चालणारी स्टार्टअप स्क्रिप्ट लावली. ती त्या शेअरला जोडलेल्या झेड ड्राइव्हवरून 'सेटअप /कॉन्फिगर' चालवते. (कमांड देवनागरीत लिहिल्यात, हसू नका.)

अडचणी तीन.

ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये झेड जोडून तीच बॅच फाइल चालवली की मुकाट बसतं. स्टार्टअपला मात्र लॉगमध्ये एकच ओळ: ड्राइव्ह सापडत नाही.

त्याच स्क्रिप्टमध्ये बारकोड स्कॅनरचा एमएसआय (इन्स्टॉलर फाइल) '/क्यूएन /नोरीस्टार्ट' (काही न विचारता, रीस्टार्ट न करता) लावून टाकलाय. तो रोज सकाळी नव्याने बसतो! लॉगमध्ये ३०१०. मशीन उशिरा सुरू होतं म्हणून अकाउंटच्या मॅडम माझ्या टेबलाशी येऊन नुसत्या उभ्या राहतात. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसरी लायसन्सची. घाई नको म्हणून आधी तीनच मशीनवर हाताने टाकून पाहिलं. तिन्हीकडे ॲक्टिव्हेशनला ०एक्ससी००४एफ०३८ हा एरर कोड. फायरवॉलमध्ये १६८८ पोर्ट उघडा आहे, होस्ट सापडतो. लायसन्स की चुकली म्हणावं तर होस्ट स्वतः ॲक्टिव्हेट झालेला.

शिवाय दोन मशीन लांबच्या शेतकी गट ऑफिसात आहेत, तिथून सर्व्हरपर्यंत नेटवर्कच नाही. त्यांचं काय करू?

प्रतिसाद १
स्टार्टअप स्क्रिप्ट तुमच्या लॉगिनखाली नाही, विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम खात्याखाली चालते. तुम्ही जोडलेला झेड तिला दिसणार कसा? सर्व्हरचं नाव घालून पूर्ण नेटवर्क पाथ द्या. एक्सएमएलमधला सोर्स पाथही बदला, तिथेही झेड असणार. आणि शेअरवर मशीन स्वतःच्या कॉम्प्युटर खात्याने येतं, तेव्हा 'डोमेन कॉम्प्युटर्स'ला रीड द्या, शेअरिंग आणि सिक्युरिटी दोन्हीकडे. एकीकडेच देऊन मी एक अख्खा शनिवार घालवलाय.
३०१० म्हणजे नापास नव्हे. बसलंय, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. शून्य सोडून सगळं अपयश धरलंत ना? ० आणि ३०१० दोन्ही पास धरा. १६१८ आला तर दुसरं इन्स्टॉल चालू आहे, थांबून परत करा. १६०३ (इन्स्टॉल फसलं) आला तरच घाबरा.

प्रतिसाद २
तिसऱ्यात बिघाड काहीच नाही, तुमची सावधगिरी नडली. तो कोड सांगतो की होस्टकडचा आकडा कमी पडतोय. ऑफिससाठी केएमएसला किमान ५ वेगळी मशीन लागतात, तुम्ही ३ वर थांबलात. अजून दोन टाका. आधीची तीन दर दोन तासांनी आपणहून पुन्हा विचारतात. मशीन क्लोन केलेली असतील आणि सिसप्रेप (क्लोन मशीनला वेगळी ओळख देणारं विंडोजचं टूल) केलं नसेल तर आकडा वाढणार नाही, ते आधी बघा.
गट ऑफिसच्या दोघांना केएमएस नको. एकदा ॲक्टिव्हेट झालेलं १८० दिवस चालतं, पण त्या आत होस्ट भेटलाच पाहिजे. तिथे एमएके की (केएमएस होस्टशिवाय मशीन ॲक्टिव्हेट करणारी की) वापरा. फक्त ती की शेअरवरच्या स्क्रिप्टमध्ये ठेवू नका, रीड असलेला कोणीही वाचेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पाथ बदलला, केनयार्डची दोन मशीन रीस्टार्ट केली, दोन्हीकडे आपोआप बसलं. आकडा ५ झाला आणि जेवून येईपर्यंत आधीच्या तिघांपैकी दोन ॲक्टिव्हेट. तिसरं कोणीतरी बंद करून गेलं होतं. स्कॅनरही आज सकाळी गप्प.

वजनकाटा राहिला. उद्या रात्री पाळी बदलताना घेतो.